घर पाहावे बांधून, पण कागदावर मांडून!

'घर पाहावं बांधून अन् लग्न पाहावं करून' ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगाच नाही करून ठेवली. लग्नाचा मांडव दोन दिवसांत उतरतो, मानपान राहिला तरी माणसं वर्षभरात विसरतात. घराचं तसं नाही. घरातली चूक रोज डोळ्यांसमोर असते. पहिल्याच पावसात स्लॅबला ओल धरते, गिलाव्याचे पोपडे पडतात, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, मोरीचं पाणी गटारीकडे जायचं सोडून घरात येतं. मग घरधनी ओसरीवर बसून एकच वाक्य बोलतो, "ठेकेदारानं फसवलं राव!"

फसवलं की काम बिघडलं, हा पुढचा प्रश्न. आधीचा प्रश्न असा, की आता करायचं काय? आपल्याकडे बहुतेक जण दोनपैकी एक वाट धरतात. काही जण पारावर उभे राहून ठेकेदाराचा उद्धार करतात, हातघाईवर येतात. बाकीचे गप्प बसतात. 'गावातलाच माणूस, वरून पाहुण्यातला, कशाला वाईटपणा घ्यायचा?' असं म्हणून दरवर्षी स्लॅबवर डांबर नाहीतर प्लॅस्टिकचा कागद टाकतात. दोन्ही वाटांनी घर गळायचं काही थांबत नाही. शेतकरी बंधू-भगिनींनो, तिसरी वाट आहे. ती शांतपणाची आहे, कागदाची आहे आणि थोडी चिकाटीची आहे.

पिकाचा पैसा, उन्हाळ्याची घाई

नाशिक जिल्ह्यात घराचं काम निघतं ते पिकाच्या पैशावर. द्राक्षाची काढणी उरकली, उन्हाळ कांद्याचे चार पैसे हातात आले, की अक्षय्य तृतीयेच्या आसपास पाया खोदायला घेतात आणि मृगाच्या आत स्लॅब पडला पाहिजे अशी सगळ्यांची घाई असते. निफाडला घाई, येवल्याला घाई, चांदवड-सिन्नरलाही तीच घाई. मग एकच ठेकेदार एका वेळी पाच-सहा कामं अंगावर घेतो. आज मजूर तुमच्याकडे, उद्या दुसऱ्याकडे. गवंडी चांगला असला तरी त्याची नजर कामावर राहत नाही.

दुसरी अडचण पाण्याची. सिमेंटच्या कामाला सगळ्यांत जास्त पाणी लागतं ते बांधून झाल्यावर, आणि आपली बांधकामं येतात नेमकी एप्रिल-मे महिन्यांत. येवला, सिन्नर, नांदगाव या भागांत त्या दिवसांत गावोगाव टँकरची वाट पाहावी लागते. प्यायला पाणी नाही, तिथं स्लॅबवर कोण ओतणार? स्लॅब तापत्या उन्हात कोरडा पडतो आणि तिथंच त्याची ताकद जाते.

तिसरी गोष्ट आपल्या काळ्या जमिनीची. कपाशीला नि कांद्याला सोन्यासारखी असलेली चिकण काळी माती घराला मात्र वैरीण आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. शेतात पडणाऱ्या भेगा तुम्ही पाहताच. तीच हालचाल पायाखाली होते. पाया काळीतच ठेवला, मुरमापर्यंत नेला नाही आणि जोत्याला काँक्रिटचा पट्टा घातला नाही, तर भिंतीला भेग जाणारच. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात दुखणं वेगळं. तिथला पाऊस असा, की छताचा उतार थोडा चुकला तरी पाणी साचतं आणि मुरतं.

हे सांगायचं कारण एवढंच, की प्रत्येक दोषामागे लबाडी असतेच असं नाही. कुठं घाई असते, कुठं अज्ञान, कुठं खरोखरच चोरी. आणि कुठं चूक आपलीही असते. माल आपण आणून दिला आणि वाळू मातीची निघाली, पाणी मारायचं आपल्याकडे होतं आणि ते राहून गेलं, मध्येच 'एक खोली वाढवा' म्हणून नकाशा बदलला, हप्ता वेळेवर दिला नाही, तर सगळं खापर ठेकेदाराच्या डोक्यावर फोडता येत नाही. भांडायच्या आधी हा हिशेब स्वतःशी करून ठेवावा. तो ठेकेदार पुढं करणारच आहे.

आधी दोष ओळखा

'काम खराब झालं' एवढ्यानं भागत नाही. काय खराब झालं, ते बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. दोषांचे तीन ढीग करा.

पहिला ढीग दिसण्यातल्या दोषांचा. गिलाव्यावर जाळ्यासारख्या केसभर बारीक रेषा, रंगाचे डाग, फरशीची वाकडी रांग. वाईट दिसतं, पण घराला धोका नाही.

दुसरा ढीग वापराला अडचणीच्या दोषांचा. मोरीत बादलीभर पाणी ओता, ते जाळीकडे गेलं नाही तर उतार चुकला. गिलाव्यावर नाण्यानं वाजवून पाहा, बद्द आवाज आला तर तो भिंतीला धरलेला नाही. दाराची चौकट काटकोनात आहे का, हे पाहायला तिचे दोन्ही कर्ण दोरीनं मोजा, सारखे भरले पाहिजेत. स्लॅब गळतो का, हे पाहायला पावसाची वाट कशाला? वर मातीचे बांध घालून इंच-दोन इंच पाणी एक-दोन दिवस ठेवा आणि खालून पाहा.

तिसरा ढीग धोक्याचा. स्लॅबखाली सळई उघडी दिसते, गंजाचे तांबूस डाग येतात, काँक्रिटला मोहोळासारखी छिद्रं आहेत, स्लॅब मध्ये झोळ धरल्यासारखा वाटतो, किंवा भिंतीतली तिरपी भेग वाढत चालली आहे. भेग वाढते की नाही हे कळायला तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा आणि महिना-दोन महिने पाहत राहा. या ढिगातलं काहीही असेल तर गावात चर्चा करत बसू नका, तालुक्याच्या ठिकाणचा बांधकामाचा इंजिनिअर आणून दाखवा. त्याची फी तुमच्या स्लॅबपेक्षा स्वस्तच पडेल.

मापं माहीत असली की बोलणं सरळ होतं

काही आकडे घरातल्या प्रत्येकाला पाठ असावेत. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रिटला किमान ७ दिवस ओलं ठेवावं लागतं. राख मिसळलेलं सिमेंट, ज्याला पीपीसी म्हणतात, त्याला किमान १० दिवस; आपल्या उन्हाळ्यात १४ दिवस धरावेत. स्लॅबवर कांद्याच्या रोपाला करतो तसे वाफे करून पाणी भरून ठेवणं सगळ्यांत चांगलं. पाणी कमी असेल तर ओली पोती अंथरावीत. खालचे टेकू पंधरा फुटांपर्यंतच्या गाळ्याला किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस काढायचे नाहीत. पीपीसी असेल तर आणखी धीर धरावा. दुसऱ्या कामावर प्लेटा हव्यात म्हणून चौथ्या दिवशी कोणी टेकू काढायला आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

सिमेंटचा हिशेबही अवघड नाही. घरच्या स्लॅबला सहसा १ भाग सिमेंट, दीड भाग वाळू, ३ भाग खडी असं प्रमाण असतं. त्या प्रमाणात एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट, तयार काँक्रिटला ५० किलोच्या साधारण २३ गोण्या लागतात. समजा, तुमचा स्लॅब २० फूट बाय ३० फूट आणि जाडी ५ इंच. तो भरला अडीच ब्रास. म्हणजे नुसत्या स्लॅबला, तुळ्या सोडून, ५७-५८ गोण्या. स्लॅबच्या दिवशी रिकाम्या गोण्या मोजायला घरातला पोर बसवा. चाळीसच निघाल्या तर बाकीचं सिमेंट कुठं गेलं, हा प्रश्न त्याच दिवशी विचारता येतो. वर्षभरानंतर त्या प्रश्नाला उत्तर नसतं.

पाण्यावरही नजर हवी. या प्रमाणाला एका गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी चालतं. माल सरसर पसरावा म्हणून गवंडी जादा पाणी ओततो. त्यानं हाताला सोपं पडतं, पण काँक्रिट कमजोर होतं.

नाराजी तोंडात नको, कागदावर हवी

आता मुख्य मुद्दा. दोष सापडले, पुढं काय? क्रम असा ठेवा.

एक. राहिलेला पैसा थांबवा, पण माणूस तोडू नका. 'पाय ठेवू नको माझ्या दारात' असं म्हटलं की दुरुस्तीचं ओझं आपल्यावर आलं. कामात खोट काढून दुरुस्त करायची संधी ठेकेदाराला दिली होती, हे पुढं कुठंही दाखवावं लागतं.

दोन. खोलीवार यादी करा. प्रत्येक दोषाचा फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा. आता प्रत्येक घरात मोबाइल आहे, तेव्हा सबब नाही. केव्हा किती पैसे दिले त्याचाही तक्ता करा.

तीन. ठेकेदाराला बोलावून त्याच्याबरोबर घरभर फिरा. सोबत दोघांना मान्य असलेला एखादा जाणता माणूस असू द्या. काय दुरुस्त करायचं, कोणत्या तारखेपर्यंत, कोणाच्या खर्चानं, हे त्याच वेळी लिहून दोघांच्या सह्या घ्या. बरीचशी प्रकरणं इथंच मिटतात. ठेकेदारालाही पंचक्रोशीत नाव टिकवायचं असतं.

चार. तारीख टळली तर पत्र लिहा आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा. भाषा साधी ठेवा. उदाहरणार्थ: 'आपण अमुक तारखेच्या बोलीप्रमाणे माझ्या घराचे काम मालासकट इतक्या रुपयांत घेतले. त्यापैकी इतके रुपये मी दिले आहेत. कामात सोबतच्या यादीतील दोष आहेत. ते पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत आपल्या खर्चाने दुरुस्त करावेत. न केल्यास मी दुसऱ्याकडून दुरुस्ती करून घेईन व खर्च आपल्याकडून वसूल करण्यासाठी दाद मागेन.' शिवी नाही, धमकी नाही, जुनी भांडणं नाहीत. पत्राची प्रत जपून ठेवा.

पाच. तरीही हालचाल नसेल तर काही फोडायच्या, तोडायच्या आधी इंजिनिअरचा लेखी अहवाल आणि दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज घ्या. आधी दुरुस्ती करून बसलात तर पुरावाच पुसला जातो. धोका असेल तर तात्पुरते टेकू मात्र ताबडतोब लावा. जिवाशी खेळ नको.

गावपातळीवर मिटवायचं असेल तर तंटामुक्त गाव समिती आहे. ही मोहीम २००७ साली राज्यात सुरू झाली. जिथं समिती जागी आहे, तिथं असा वाद तिच्यापुढं जरूर न्यावा. फक्त तडजोड तोंडी ठेवू नका, लिहून घ्या.

कायदा तुमच्या बाजूनं आहे

'कोर्टाची पायरी नको' हे आपलं जुनं म्हणणं. पण इथं ग्राहक आयोगाची वाट मोकळी आहे, आणि तिला मोठा आधार आहे. ग्राहक संरक्षण कायदा देशात १९८६ साली आला. त्याच्या कितीतरी आधी, १९७४ साली, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं होतं. कायदा आला तरी घर बांधणं ही 'सेवा' आहे की नाही, यावर वाद होता. लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ५ नोव्हेंबर १९९३ रोजी तो निकाली काढला. प्राधिकरणानं अर्धवट काम ठेवून घर द्यायचं चालवलं होतं. न्यायालयानं सांगितलं, की घरबांधणी ही सेवाच आहे, ती सरकारी संस्थेनं केलेली असो की खासगी ठेकेदारानं. त्यात कसूर झाली तर भरपाई मागता येते. त्याच वर्षी कायद्यातही 'गृहबांधणी' हा शब्द घातला गेला.

आता २०१९ चा नवा कायदा लागू आहे, तो जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे आपल्याला नाशिकच्या जिल्हा आयोगाकडे, तक्रार करता येते. ठेकेदार धुळ्याचा असो की नगरचा, तुम्ही तिकडं जायची गरज नाही. कामाची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच ऐकतो, आणि ५ लाखांपर्यंतच्या कामाला तक्रारीची फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत मात्र ध्यानात ठेवा: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. 'पुढच्या पावसाळ्यात बघू' करता करता दोन वर्षं कधी सरतात ते कळत नाही. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

एक बारकावा आहे. काम ठेक्यानं, अंगावर दिलं असेल तर ही वाट चालते. पण तुम्ही रोजंदारीवर गवंडी-बिगारी लावून, स्वतः सांगून काम करून घेतलं असेल, तर ती 'वैयक्तिक सेवा' धरली जाते आणि तक्रार टिकणं अवघड असतं. तिथं देखरेख हाच उपाय. आणि आयोगाचा निकाल महिन्याभरात लागेल अशी आशाही धरू नका, वेळ लागतो. म्हणूनच वरची पहिली तीन पावलं मन लावून टाकावीत.

घरकुलाला ठेकेदार कशाला?

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि सदस्यांनी हा भाग नीट वाचावा. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण २०१६ साली सुरू झाली. सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मूळ साहाय्य आणि किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचं घर, असं तिचं स्वरूप. या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे, की घर लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं किंवा आपल्या देखरेखीखाली बांधून घ्यायचं. त्यात ठेकेदार घालायचा नाही. हप्ते लाभार्थ्याच्या खात्यावर येतात, कामाच्या टप्प्यांचे फोटो काढले जातात. तरीसुद्धा 'सगळ्यांची घरकुलं एकालाच देऊ, लवकर होतील' असा घाट कुठं कुठं घातला जातो. गरिबाच्या खात्यावर पैसा येतो आणि त्याच दिवशी दुसऱ्याच्या खिशात जातो. पुढं भिंत ओली राहिली तर बोलायचं कोणाला? ज्यानं ठेकेदार निवडलाच नाही, त्याला जाब तरी कसा विचारता येईल? असा घाट कोणी घालत असेल तर तो ग्रामसभेतच मोडून काढावा.

मालकाच्या हाती काम दिलं तर लोकांना जमेल का, ही शंका जुनीच आहे. तिचं उत्तर मराठवाड्यानं दिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं सुमारे आठ हजार माणसं नेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातली ५२ गावं नव्या जागी उठवून बसवावी लागली. तिथं घरं बांधून लोकांच्या हाती दिली गेली. पण ज्या गावांत घरं पडली नव्हती, नुसती खिळखिळी झाली होती, तिथं वेगळी पद्धत वापरली. पैसा टप्प्याटप्प्यानं घरमालकाच्या खात्यावर, इंजिनिअरनं तांत्रिक सल्ला द्यायचा आणि काम मालकानं करून घ्यायचं. जवळपास दोन लाख घरांच्या दुरुस्तीचा हा कार्यक्रम होता. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. शाळेची पायरी फारशी न चढलेल्या बायका सळई, सिमेंट आणि भिंतीचे कोपरे यांच्यावर इंजिनिअरशी बोलू लागल्या. ज्या घरात दिवसाचे चोवीस तास राहायचं, त्यावर बाईची नजर सगळ्यांत बारीक असते, हे तिथं दिसून आलं. आपल्या घराचं काम निघेल तेव्हा घरच्या लक्ष्मीलाही मोजपट्टी हातात द्या.

पुढच्या वेळी आधीच लिहा

नव्यानं काम काढणार असाल, साधं गच्चीचं नाहीतर संडास-बाथरूमचं असलं तरी, एक कागद आधी करा. कामाची मापं, काम मजुरीवर की मालासकट, सिमेंट-सळईची कंपनी नि प्रत, पाया किती खोल, पाणी कोणी मारायचं, काम संपायची तारीख, वाढीव कामाचा दर, एवढं तरी त्यात हवं. त्या ठेकेदारानं दोन पावसाळ्यांपूर्वी बांधलेलं एखादं घर आधी पाहून या आणि घरच्या बाईला विचारा, "गळतं का हो?"

पैशाची वाटणी साधारण अशी ठेवा: उचल १० टक्के, जोतं झाल्यावर २०, भिंती झाल्यावर २०, स्लॅबनंतर २५, गिलावा-फरशीनंतर १५ आणि उरलेले १० टक्के एक पावसाळा पाहून. ठेकेदार शेवटच्या अटीला कुरकुर करील. जो आपल्या कामाला खात्रीनं धरून आहे तो मान्य करील, आणि जो अजिबात ऐकणार नाही, त्याच्याबद्दल तुम्हाला जे कळायचं ते आधीच कळलं. पैसे शक्यतो बँकेतून नाहीतर मोबाइलवरून द्या. रोख दिले तर वहीत सही घ्या. पाहुणा असला तरी घ्या, पाहुणा असला तर आवर्जून घ्या. सही घेतल्यानं नातं तुटत नाही. न घेतल्यानं तुटलेली नाती मात्र गावोगाव सापडतील.

आपण बाजार समितीत कांदा विकतो तेव्हा क्विंटल-किलोचा हिशेब पट्टीवर पाहून घेतो, वजनात किलोभर घट आली तरी आडत्याला विचारतो. त्याच कांद्याच्या पैशातून उभं राहणारं घर मात्र तोंडी बोलीवर सोडून देतो. घराचीही पट्टी मागा. ज्यांच्या घरात ओल आली आहे त्यांनी आज संध्याकाळी वही-पेन्सिल घेऊन एक फेरी मारावी आणि यादीला सुरुवात करावी.